गाव दहा माणसांचं, आणि दहाही जण सरकार: उत्तर समुद्रातलं ग्रोडे

एल्बेकाठचा (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात इथे बिनविरोध ग्रामपंचायतींवरचा धागा पेटला होता. त्यात मी बोलून गेलो की माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर एक गाव आहे, तिथे पंचायतीची निवडणूकच होत नाही, कारण मतदार आणि सदस्य वेगळे काढायला माणसंच पुरत नाहीत. त्यावर दोघा-तिघांनी "फेकू नकोस" म्हणून ऐकवलं. म्हणून हा स्वतंत्र धागा. फोटो मागू नका. वारा इतका होता की सगळ्या फोटोंत माझाच शर्ट आलाय.

गावाचं नाव ग्रोडे. खरा उच्चार लिहिता येत नाही. ओठ "ओ"साठी गोल करायचे आणि आतून "ए" म्हणायचं. मी अकरा वर्षं हॅम्बुर्गात आहे, तरी बोटीवर मी ते नाव घेतल्यावर तिकीटवाली हसलीच.

जर्मनीचा नकाशा उघडा आणि अगदी वर, डेन्मार्कला टेकलेल्या श्लेसविग-होल्श्टाइन राज्यात या. त्याचा पश्चिम किनारा म्हणजे नॉर्डफ्रीसलांड जिल्हा, मुख्य ठिकाण हुसुम. या किनाऱ्यासमोरचा समुद्र धड समुद्र नाही आणि धड जमीनही नाही. दिवसातून दोनदा पाणी मैलोन्‌मैल मागे सरतं, नुसता चिखल उघडा पडतो आणि सहा तासांनी सगळं परत भरतं. या चिखलाला वाट म्हणतात ("वाट बघा"वरचे विनोद मी अकरा वर्षांत करून संपवलेत, नवे असतील तर टाका). त्या वाटात दहा हालिग आहेत. त्यातली एक ग्रोडे.

हालिगला बेट म्हटलं की तिथले लोक लगेच दुरुस्त करतात. बेटाला समुद्र अडवणारा उंच बांध असतो, हालिगला नसतो. कड झिजू नये म्हणून काठाला दगड रचलेले असतात, बस. वादळ आलं की पाणी सरळ आत येतं आणि अख्खं कुरण बुडतं. त्याला शब्द आहे लांडउंटर, म्हणजे जमीन खाली गेली. हिवाळ्यात हे कितीतरी वेळा होतं. तेव्हा वर राहतात ते फक्त माणसांनी शेकडो वर्षांपूर्वी माती टाकून केलेले उंचवटे, त्यांना वार्फ्ट म्हणतात. आपल्याकडे जुन्या गावाची पांढर असते ना, लांबून तसंच टेकाड दिसतं. ग्रोडेवर अशी दोन आहेत. क्नुट्सवार्फ्टवर घरं, आणि किर्शवार्फ्टवर चर्च. दोन्हींच्या मधे गवत. गाव संपलं.

क्षेत्रफळ अडीच चौरस किलोमीटर, म्हणजे सव्वासहाशे एकरांच्या आसपास. लोकसंख्या दहाच्या आगेमागे. एखादं कुटुंब राहायला आलं की एकदम चाळीस-पन्नास टक्के वाढ, गेलं की मंदी. किराणा दुकान नाही. मुख्य भूमीला जोडणारा रस्ता नाही. शेजारच्या ओलांड आणि लांगेनेसला निदान रुळावरची छोटी गाडी तरी आहे (मुख्य किनाऱ्यावरच्या डागेब्यूलपासून समुद्रातून जाणारा अरुंद रूळ, त्यावर लोकांच्या स्वतःच्या ट्रॉल्या, म्हणजे लोकलचा पास नाही तर थेट लोकलच घरची!). ग्रोडेला फक्त बोट, तीही भरतीच्या वेळी. बोटीचं वेळापत्रक रोज बदलतं, कारण भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते.

आता मूळ मुद्दा, म्हणजे राज्यकारभार. ग्रोडे हे कुठल्या गावाची वाडी नाही. ती स्वतंत्र गेमाइंडं आहे, म्हणजे आपली ग्रामपंचायत म्हणा किंवा नगरपालिका म्हणा. जर्मनीत दोघांना एकच शब्द: म्युनिक शहरही गेमाइंडं आणि ग्रोडेही गेमाइंडं. जवळची, बहुतेक वेळा ओसाड असणारी हाबेल ही हालिगही ग्रोडेच्याच हद्दीत येते. तिथे उन्हाळ्यात पक्ष्यांवर लक्ष ठेवायला एखादा राखणदार राहतो, बाकी कोणी नाही. म्हणजे गावाची एक "वाडी" आहे आणि तिथले मतदार पक्षी आहेत.

श्लेसविग-होल्श्टाइनच्या कायद्यात कलम आहे: ज्या गेमाइंडंची लोकसंख्या ७० किंवा त्याहून कमी, तिथे निवडून आलेलं मंडळ नसतं. त्या जागी गावसभा. मताचा अधिकार असलेले सगळे रहिवासी त्या सभेचे सदस्य. तेच ठराव करतात, तेच अंदाजपत्रक मंजूर करतात, तेच आपल्यातला एक जण बर्गरमाइस्टर म्हणून निवडतात. हे पद मानद, म्हणजे पगार नाही. ही राज्याची हौस आहे असंही नाही. जर्मनीच्या राज्यघटनेच्या कलम २८ मध्येच लिहिलंय की गावात निवडलेल्या मंडळाच्या जागी गावसभा असू शकते.

मग जन्मदाखले, करवसुली, टेंडर हे सगळं दहा माणसं कशी करतात? करत नाहीत. त्यासाठी अनेक छोट्या गावांनी मिळून आम्ट नावाची एक सामायिक कचेरी असते. ग्रोडे, होगे, लांगेनेस आणि पेलवोर्म मिळून आम्ट पेलवोर्म. ठरवायचं गावानं, कागद रंगवायचे आम्टानं. त्याच्यावर जिल्हा, त्याच्यावर राज्य, त्याच्यावर बर्लिन.

वारसा म्हणाल तर चर्च. १७७९ चं, आधीची समुद्रानं नेली म्हणून बांधलेलं. बाहेरून चर्च वाटतच नाही. मनोरा नाही, लांबट विटांचं घर. कारण चर्च, शाळा आणि मास्तरांची खोली एकाच छपराखाली. मी आत गेलो तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. बाकांची दारं रंगवलेली, आणि वारा बाहेर इतका ओरडत होता की आतली शांतता कानात बोटं घातल्यासारखी वाटली. बाहेर दफनभूमी. तीही अर्थात वार्फ्टवरच, खाली कोण पुरणार. शाळा आता भरत नाही, पण ती भरायची तेव्हा एक-दोन मुलांसाठी भरायची आणि जर्मनीतली सगळ्यात छोटी शाळा म्हणून वर्तमानपत्रांत यायची.

दोन तासांत पाहून झालं. खरं तर पाऊण तासात झालं होतं; उरलेला वेळ मी धक्क्यापाशी बसून विचार करत होतो की अशा गावाला शेजारच्या गावात विलीन करून टाकावं, असं कोणाला वाटलं नसेल का.

---

खारेपाटकर

वाचताना अंगावर काटा आला, कारण आम्ही पेणकडचे. खाडीच्या पातळीखालची भातशेती, आणि मधे फक्त मातीचा बांध. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली की एका रात्रीत शेतात खारं पाणी आणि पुढची तीन वर्षं भात विसरा. माझ्या चुलत्यांची जमीन अशीच गेली. दुरुस्ती होईल होईल म्हणत ती होईपर्यंत तिथे तिवरं उगवली होती.

पूर्वी आमच्याकडे जोळ पद्धत होती. ज्याची जमीन बांधाआड, त्यानं बांधावर राबायचं. उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) कधी उघडायची, कधी बंद करायची, हे गावच ठरवायचं. १९७९ च्या खारभूमी कायद्यानंतर बांध सरकारी झाले आणि "आपला बांध" हा शब्द मागे पडला. सरकारी झाल्यानं वाईटच झालं असं म्हणत नाही, पैसा गावाकडे नव्हताच.

पण हे ग्रोडेवाले बांधच घालत नाहीत हे कळेना. पाणी आत येऊ देतात? गवत जळत नाही?

---

एल्बेकाठचा

खारेपाटकर, जोळबद्दल माहीत नव्हतं, यावर वेगळा धागा काढाच.

गवत जळत नाही, कारण ते भात नाही. ते खाऱ्या पाण्यातच वाढणारं गवत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये त्यात जांभळी फुलं येतात, लांबून कुरणावर धूर पसरल्यासारखी दिसतात. आणि खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक वेळी पाणी आत येतं तेव्हा थोडा गाळ ठेवून जातं. त्यामुळे हालिग हळूहळू उंच होते. उंच बांध घातला तर गाळ यायचा थांबेल, जमीन आहे तिथेच राहील आणि बाहेर समुद्र चढत जाईल. म्हणजे तुमच्या खारेपाटासारखं खोलगट ताट होईल. बुडणं हाच त्यांचा बांध. अर्थात समुद्र आता ज्या वेगानं चढतोय त्याला गाळ पुरा पडेल का, याची चिंता आहेच. म्हणून लांगेनेस आणि नॉर्डश्ट्रांडिशमोरवर अलीकडे काही वार्फ्ट रुंद आणि उंच केल्या गेल्या.

तुमच्या जोळसारखी गोष्ट मुख्य किनाऱ्यावर होती, तिथे बांध आहेत. फ्रिसियन लोकांचा जुना दंडक: जो बांधावर राबणार नाही, त्यानं गाव सोडावं. ज्याला आपल्या वाट्याचा बांध झेपत नाही, तो बांधात फावडं रोवून निघून जायचा. जो ते फावडं उपसेल, त्याची जमीन आणि त्याचाच बांध.

---

हिशेबतपासनीस

रोमँटिक आहे, पण कोणी तरी बोललं पाहिजे. दहा माणसांसाठी दगडी काठ, वीज, पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी, बोट, टपाल. आपल्याकडे एखाद्या धनगरवाड्यात पाचशे माणसं असतात आणि रस्ता नसतो. दहा लोकांना हुसुममध्ये फ्लॅट घेऊन दिले तर खजिन्याला स्वस्त पडेल. श्रीमंत देशाची चैन आहे ही.

---

एल्बेकाठचा

चैनीचा मुद्दा माझ्याही डोक्यात होता, म्हणून तर शेवटचं वाक्य लिहिलं. पण इतिहास बघितला की हिशेब उलटा फिरतो.

१६ जानेवारी १३६२ च्या वादळानं रुंगहोल्ट हे अख्खं व्यापारी गाव गिळलं. लोक त्याला दंतकथा समजायचे. २०२३ मध्ये संशोधकांना चिखलाखाली त्याच्या मोठ्या चर्चच्या खुणा सापडल्या. ऑक्टोबर १६३४ मध्ये श्ट्रांड नावाचं मोठं बेट एका रात्रीत फुटलं, आजचे पेलवोर्म आणि नॉर्डश्ट्रांड हे त्याचे तुकडे. हजारो माणसं गेली. फेब्रुवारी १८२५ मध्ये हालिगांवरच सत्तरहून जास्त लोक बुडाले. तेव्हा हा भाग डेन्मार्कच्या राजाकडे होता, राजा सहावा फ्रेडरिक त्याच वर्षी पाहणीला आला आणि हवामान बिघडल्यानं त्याला होगेवर मुक्काम करावा लागला. ज्या घरात झोपला ती खोली आजही तिकीट लावून दाखवतात. मंत्र्यांच्या पूरपाहणीची परंपरा जुनीच.

या सगळ्यातून सरकारला एक गोष्ट कळली: हालिग म्हणजे मुख्य किनाऱ्यासमोरच्या लाटा मोडणाऱ्या पायऱ्या आहेत. त्या झिजल्या तर लाटा थेट मागच्या बांधावर येतील, आणि त्या बांधामागे दहा नाही, हजारो लोक राहतात. दगडी काठ ग्रोडेसाठी आहे तितकाच डागेब्यूलसाठी आहे. तो काठ बांधायला, सांभाळायला माणूस तिथेच राहिलेला बरा. म्हणून हालिगवरची बरीच माणसं राज्याच्या किनारा-संरक्षण खात्यात नोकरीला असतात. बाकी उत्पन्न म्हणजे उन्हाळ्यात मुख्य भूमीवरून चरायला आणलेली दुसऱ्यांची गुरं आणि पर्यटकांना भाड्यानं दिलेल्या खोल्या.

धनगरवाड्याला रस्ता नाही यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

---

आळशी उंट

बर्गरमाइस्टरवर अविश्वास ठराव आणायचा असेल तर त्याच्याच स्वयंपाकघरात बसून आणायचा का? आणि चहा कोण करणार?

---

आयफेलची सून

छान लिहिलंय, पण एक दुरुस्ती. "जर्मनीतलं सगळ्यात छोटं गाव" असं ग्रोडेबद्दल बरेच लोक म्हणतात (तुम्ही म्हणाला नाहीत, पण खाली कोणी तरी म्हणणारच). त्या शर्यतीत आमच्या आयफेलमधलं (पश्चिमेकडचा डोंगराळ भाग) डीरफेल्ड आणि तुमच्याच राज्यातलं वीडेनबोर्स्टल हेही आहेत. तिन्ही ठिकाणी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे कोणाच्या घरी पाळणा हलला की क्रमांक बदलतो. सासरे डीरफेल्डच्या बाजूचे, त्यांना हा विषय काढलेला अजिबात आवडत नाही.

विलीनीकरणाबद्दल: साठ-सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीत गावं एकत्र करायची लाट आली होती. प्रत्येक राज्यानं वेगळा मार्ग धरला. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेननं इतकी गावं जोडली की पावणेदोन कोटींहून जास्त लोकसंख्येच्या त्या राज्यात आज फक्त ३९६ गेमाइंडं उरल्यात. श्लेसविग-होल्श्टाइनची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, आणि तिथे अकराशेच्या वर! त्यांनी जिल्हे जोडले (नॉर्डफ्रीसलांड जिल्हा १९७० मध्ये तीन जुने जिल्हे मिळून झाला), पण गावं ठेवली आणि कागदपत्रांचं काम आम्टाकडे दिलं. आमच्या ऱ्हाइनलांड-फाल्ट्समध्येही तसंच, फक्त आमच्या सामायिक कचेरीला फर्बांड्सगेमाइंडं म्हणतात.

याचा फायदा काय, हे मला लग्नानंतर कळलं. आमच्या गावात चारशे लोक. मधल्या चौकातलं लिंबाचं झाड (आपलं लिंबू किंवा कडुनिंब नव्हे, जर्मन लिंडं) तोडायचं की नाही, यावर दोन बैठका झाल्या. सासरे आणि शेजारी सहा महिने बोलत नव्हते. पण झाड कोणी दूरच्या कचेरीतून तोडलं नाही.

---

वैनगंगेपल्याड

गावसभेचं कौतुक वाचून बरं वाटलं, पण मंडळी, हे जर्मनीतच बघायला जायची गरज नाही. आमच्या गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. सगळ्यांच्या सहमतीनं निर्णय, जंगलावर सामूहिक हक्क, बांबूची विक्री गावानं स्वतः केलेली.

फरक मला असा दिसतो. आपल्या घटनेत ७३ व्या दुरुस्तीनं ग्रामसभा आली, पण ती पंचायतीच्या जोडीला. पंचायत निवडलेली राहते, ग्रामसभा बहुतेक ठिकाणी २६ जानेवारीला सह्या करण्यापुरती. ग्रोडेत पंचायत मुळात नाहीच, सभा हीच पंचायत. म्हणजे सभेला कोणी आलं नाही तर कामच अडतं. कोरम नाही म्हणून सभा तहकूब करून अर्ध्या तासानं तीच पुन्हा भरवण्याची आपली युक्ती तिथे चालत नसावी.

महाराष्ट्रात जवळजवळ २८ हजार ग्रामपंचायती. अख्ख्या जर्मनीत शहरं धरून गेमाइंडं साडेदहा हजारांच्या वर. संख्येत आपण पुढेच.

---

गुप्त मतदार

माझा प्रश्न फार सरळ आहे. नऊ मतदार. लोकसभेची निवडणूक. पेटीत आठ मतं एका पक्षाला, एक दुसऱ्याला. संध्याकाळी त्या एकाच्या घरी कोण चहाला जाणार?

---

एल्बेकाठचा

हा प्रश्न तिथेही पडलाय. एके काळी ग्रोडे प्रसिद्ध होतं ते निकाल सगळ्यात आधी लावणारं गाव म्हणून. सहा वाजता मतदान संपलं की काही मिनिटांत मोजणी खलास, आणि टीव्हीवाल्यांना देशातला पहिला निकाल. पण तुम्ही म्हणता तीच अडचण. फारच कमी मतं पडली तर ती दुसऱ्या केंद्राच्या मतांत मिसळून मोजायची अशी तरतूद नियमांत आहे.

उंटराव, चहा पाहुणा करतो. आणि चहा हा त्या किनाऱ्यावर गंभीर विषय आहे, कॉफीपेक्षा जास्त.

---

नमुनेदार

आजारी पडलं तर?

---

एल्बेकाठचा

हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टर उडत नसेल तर समुद्र-बचाव संस्थेची बोट. ही संस्था १८६५ पासूनची, आणि आजही सरकारी पैशावर नाही, देणग्यांवर चालते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक खानावळीत गल्ल्यापाशी तिची छोटी होडीच्या आकाराची दानपेटी असते. आपल्याकडे देवस्थानाची पेटी असते तशी. मी दर वेळी सुट्टे टाकतो.

वादळात घराचं काय होतं हे मी ग्रोडेवर नाही, त्याआधीच्या वर्षी लांगेनेसवर पाहिलं. तिथे आम्ही चार दिवस खोली घेऊन राहिलो होतो. घरमालकीणबाईंना माझ्या मुलीनं विचारलं, पाणी घरात आलं तर आपण कुठे जायचं? बाईंनी जिन्याशेजारच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. ठक्क, विटा. दोन पावलं पुढे पुन्हा टकटक केलं. आवाजच नाही. "हा काँक्रीटचा खांब. असे चार. वार्फ्टच्या पोटात खोलवर गेलेत. वर तुझी खोली आहे ना, ती या चार खांबांवर आहे, भिंतींवर नाही. भिंती वाहून गेल्या तरी तू वरच."

१९६२ च्या फेब्रुवारीत जो पूर आला (हॅम्बुर्गमध्ये ३१५ लोक गेले, आमच्या भागात अजून भिंतींवर पाण्याच्या खुणा लावल्यात), त्यानंतर हालिगांवरची घरं अशी नव्यानं बांधली गेली. त्याआधी पोटमाळ्यावर चढायचं आणि छप्पर तरंगेल अशी आशा करायची. पाण्याचंही तेच. वार्फ्टच्या मधोमध तळं असतं, फेटिंग, त्यात पावसाचं पाणी साठवायचं गुरांसाठी. माणसांसाठी वेगळी विहीर. पुराचं खारं पाणी एकदा त्यात शिरलं की गुरं तहानेनं मरायची. नळ आल्यापासून फेटिंगमध्ये बदकं असतात.

मुलगी त्या रात्री खांब कुठून कुठे जातो हे खडूनं फरशीवर काढत बसली होती. खडू पुसायला मला लावलं.

---

शब्दवेडी

भाषेबद्दल कोणीच कसं विचारलं नाही? त्या भागात जर्मन, खालची जर्मन, डॅनिश आणि उत्तर फ्रिसियन अशा चार भाषा नांदतात. फ्रिसियन ही इंग्रजीची जवळची बहीण. बोलणारे काही हजारच उरलेत आणि प्रत्येक बेटाची बोली वेगळी, हालिगची तर फारच थोड्यांच्या तोंडी. राज्यानं २००४ मध्ये तिच्यासाठी कायदा केला; नॉर्डफ्रीसलांडमध्ये स्टेशनांच्या पाट्या दोन भाषांत असतात. तिथल्या डॅनिश आणि फ्रिसियन अल्पसंख्याकांच्या पक्षाला पाच टक्के मतांची अट लागू नाही, त्यामुळे २०२१ पासून बर्लिनच्या संसदेत त्यांचा एक खासदार आहे.

आणि होळी! २१ फेब्रुवारीच्या संध्याकाळी अख्ख्या उत्तर फ्रिसियात लाकडं रचून मोठी आग पेटवतात, तिला बीकं म्हणतात. काही ठिकाणी वर गवताचा पुतळाही असतो. नंतर घरी किंवा खानावळीत केल नावाच्या पालेभाजीची भाजी आणि डुकराचं मांस. २०१४ मध्ये जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत ती आली. मी कील शहरात शिकत असताना एकदा गेले होते. नारळ नेला होता खिशात. टाकायचा धीर झाला नाही, परत आणला आणि चटणी केली.

---

हिशेबतपासनीस

एल्बेकाठचा, लाटा मोडणाऱ्या पायऱ्यांचा मुद्दा मान्य. पण मग तिथे राहणाऱ्यांवर बंधनं किती? जागतिक वारसा, राष्ट्रीय उद्यान वगैरे म्हटलं की आपल्याकडे स्थानिकांना चुलीला काटकी तोडायची चोरी होते.

---

एल्बेकाठचा

चांगला प्रश्न. आजूबाजूचा वाट १९८५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २००९ पासून जागतिक वारसा. पण माणसं राहतात त्या पाच मोठ्या हालिग उद्यानाच्या हद्दीबाहेर ठेवल्यात. नंतर त्या आपण होऊन जैवावरण (बायोस्फिअर) क्षेत्रात सामील झाल्या, म्हणजे आधी गावांनी होकार दिला मग फलक लागले. होगे, लांगेनेसवर हा होकार निवडलेल्या मंडळाचा. ग्रोडेवर तो घराघरातल्या माणसाचा.

भांडण झालं ते पक्ष्यांवरून. वसंतात सायबेरियाला निघालेले हजारो ब्रेंट हंस हालिगवर उतरतात आणि गुरांसाठी राखलेलं कोवळं गवत फस्त करतात. शेतकरी वैतागले होते. ऐंशीच्या दशकात राज्यानं तोडगा काढला: हंसांनी खाल्लेल्या गवताची भरपाई द्यायची. आता तेच हंस बघायला एप्रिल-मेमध्ये पर्यटक येतात आणि खोल्या भरतात. आपल्याकडे रानडुकरांनी खाल्लेल्या भुईमुगाचे पंचनामे आठवले.

---

वैनगंगेपल्याड

पंचनाम्यावर बोलायला लावू नका, रात्र पुरणार नाही.

---

खारेपाटकर

मी पुढच्या वर्षी मुलाकडे ब्रेमेनला येतोय, फेब्रुवारी ते एप्रिल. ग्रोडेला जाता येईल का? बीकंही बघायची आहे आणि त्या दगडी काठाची रचना जवळून बघायची आहे. आमच्या बांधाला दगड कसे बसवतात ते मला येतं, त्यांचं कसं ते पाहायचंय.

---

एल्बेकाठचा

काका, फेब्रुवारीत ग्रोडेची सहलीची बोट विसरा. बीकंसाठी २१ तारखेला हुसुम किंवा डागेब्यूल गाठा, किनाऱ्यावर जवळजवळ प्रत्येक गावात पेटते. जाड टोपी आणा, कानावरून येणारी.

दगड बघायला एप्रिल अखेर थांबता आलं तर उत्तम, तेव्हा हंसही असतील. सहलीच्या बोटी श्ल्यूटझीलच्या धक्क्यावरून सुटतात. वेळ आदल्या दिवशी बघायची, कारण ती भरतीवर. ब्रेमेनहून सकाळी लवकर निघावं लागेल, हॅम्बुर्गात मी गाडीत बसतो. बोटीवर नाव सांगताना ओठ गोल, आतून "ए".